दुसरी वेलांटी

परभणीत, वसमत रोडला, पिठाच्या गिरणीवर
माझा टायपिंगचा क्लास. नऊ कॉम्प्युटर, त्यातले सात चालतात.
चूक दाखवायची तर लाल पेन,
शाबास म्हणायचं तर टेबलावर दोन टिचक्या,
एवढ्यात माझा दिवस भागतो.
जीभ प वर अडते, लहानपणापासून.
नांदेडहून येताना कंडक्टरला 'परभणी' सांगेपर्यंत
झिरो फाटा मागं पडलेला असतो.

रात्री साडेदहाला गिरणी थांबते
आणि मी त्या खेळात उतरतो, ज्यात एकही चित्र नाही.
काळा पडदा, पांढरी अक्षरं:
'तू पुलावर उभा आहेस. खाली पाणी आहे. उत्तरेला धुकं.'
पाणी म्हटलं की पाणी. आमच्याकडं नळ दहाव्या दिवशी येतो.
मी लिहितो, कंदील पेटव.
कंदील पेटतो.
चुकलो तर खेळ म्हणतो,
'कळलं नाही. पुन्हा लिही.'
आणि थांबतो.
चाळीस वर्षांत माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.
सगळे माझं वाक्य स्वतःच पुरं करून निघून जातात.

अंबादास, माझा भाऊ, विचारतो,
"कामून जागतूस रे रातभर? पिक्चर बी नाही त्यात, पैसा बी नाही."
बरोबर आहे त्याचं.
पैसा तर उलट गेला. एका वैद्यानं माझी जखम भरली,
मग मुलीच्या फीसाठी दोन हजार मागितले, खऱ्यातले.
मी पाठवले. तो वैद्य पुन्हा कुठल्याच गावात दिसला नाही.
मावसबहिणीच्या हळदीला मी झोपून होतो.
डोळ्यांचा नंबर वाढला.
आणि दिवसा बोलायची जी थोडीफार सवय होती, तीही मोडली,
दूधवाल्यालासुद्धा आता चिठ्ठी ठेवतो.
पण पुलावर मी बोलतो. मिनिटाला पन्नास शब्द.
माझ्या शिव्या लोक पाठ करतात.

तिथं एक दरोडेखोर आहे, नाव ढाण्या.
नुसत्या मिशीचं वर्णन त्यानं तीन ओळींत लिहिलंय.
लुटतो, खदाखदा हसतो,
आणि लढाईआधी माझ्यापुढं वाकतो,
"आशिर्वाद द्या, कंदीलवाले."
जिंकून आला की मी कठड्यावर
दोन टिचक्या मारतो. म्हणजे तसं लिहितो.
आशिर्वाद. पहिली वेलांटी. दर वेळी.
कुठंतरी पाहिलेली चूक.

सहा नंबरच्या मशीनवर संजीवनी लोमटे बसतात.
नवरा पाटबंधारे खात्यात होता, गेला.
त्याच्या जागी यांना घेतलंय,
पण तीसची परीक्षा दोन वर्षांत पास झाल्या तर.
मान वर करत नाहीत. फीची नोट
कीबोर्डखाली सरकवून जातात.
एका संध्याकाळी त्यांचा उतारा तपासताना
माझा पेन थांबला.
दोन महिने मी त्या शब्दाला लाल केलं नाही.
केलं तर ढाण्या मरेल, असं काहीतरी वाटायचं.
आणि आपण हे कुणाच्या घरात डोकावतोय, असंही.

पण परीक्षा पंधरा तारखेला. दर चुकीला गुण कापतात.
काल मी गोल केला.
वर दुसरी वेलांटी काढली, ठळक.
बाकी उतारा चोख होता,
म्हणून टेबलावर दोन टिचक्या मारल्या, सवयीनं.
त्यांनी कागदाकडं पाहिलं नाही.
माझ्या बोटांकडं पाहिलं. बराच वेळ.

रात्री पुलावर धुकं होतं.
ढाण्या आला. वाकला.
"आशीर्वाद द्या, सर."

मी कंदील खाली ठेवला. लिहायला घेतलं,
पास व्हाल, एवढंच लिहायचं होतं,
आणि पन्नासच्या वेगाची माझी बोटं
प
पप

'कळलं नाही. पुन्हा लिही.'